गल्ल्यात पडलेली नोट पुढे कुठे जाते?

सदर : रोखपालबाईंना विचारा

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ब्रिस्टल शहराने काढलेल्या स्वतःच्या नोटांचा जाता जाता उल्लेख केला होता. तेवढ्या दोन ओळींवर पत्रांचा ढीग आला. कर्जाचे हप्ते, वारसनोंद, बंद पडलेली खाती यांवर मी वर्षानुवर्षं लिहिते आहे, पण एवढी पत्रं कधी आली नव्हती. म्हणून या वेळचं सगळं सदर शहरांच्या चलनांना. पत्रं थोडक्यात देते. उत्तरं थोडक्यात आवरतीलच असं नाही.

बाई, शहराचं चलन म्हणजे नेमकं काय? दुकानं कुपनं देतात, त्यात आणि यात फरक काय?
— वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी

कूपन एका दुकानाचं असतं आणि वापरलं की संपतं. शहराच्या चलनाची नोट पहिल्या हातातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या हातात जायला हवी, तरच तिला चलन म्हणायचं.

ब्रिस्टल पौंडच घे. सप्टेंबर २०१२मध्ये तो सुरू झाला. एक साधा पौंड भरला की एक ब्रिस्टल पौंड मिळायचा, आणि भरलेला पौंड ब्रिस्टल क्रेडिट युनियन नावाच्या, सभासदांच्याच मालकीच्या पतसंस्थेत पडून राहायचा. नोटा १, ५, १० आणि २०च्या. नोटा नको असतील तर मोबाइलवरून संदेश पाठवून पैसे देता यायचे. शहराबाहेर या नोटेला कुणी विचारत नव्हतं आणि शहरातही ती मुख्यतः स्थानिक मालकांच्या धंद्यांतच चालायची. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली होती. पैशाने शहराबाहेर पळू नये, यासाठीच तर सगळा खटाटोप.

याहून निराळ्या जातीची चलनं आहेत, ज्यांच्या मागे ठेव नसतेच. कॅनडातल्या कोर्टनी गावात १९८३मध्ये मायकल लिंटन यांनी ‘लेट्स’ नावाची पद्धत सुरू केली. तिथे नोट नाही, तिजोरी नाही, फक्त खातेवही. मी तुझा नळ दुरुस्त केला की माझ्या खात्यात जमा आणि तुझ्या खात्यात नावे. सगळ्या खात्यांची बेरीज कायम शून्य. मला ही कल्पना फार देखणी वाटते, कारण संध्याकाळी कॅश जुळवत बसायला नको. मात्र कुणी भरपूर नावे करून ठेवून गावच सोडून गेला, तर त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. म्हणून अशी वही ओळखीपाळखीच्या माणसांतच टिकते, किंवा मग उधारीवर कडक मर्यादा घालावी लागते.

मी छोटा दुकानदार आहे. गिऱ्हाईक असली नोट घेऊन आलं, तर मी ती का घ्यावी? माझा ठोक व्यापारी तर खराच पैसा मागणार!
— एक किरकोळ विक्रेता

या ढिगातला सगळ्यात शहाणा प्रश्न तुमचा. या चलनांचं कौतुक करणारे नेहमी गिऱ्हाइकापासून सुरुवात करतात: त्याने पैसे बदलून घेतले, नोटेवरचं चित्र पाहून हरखला, कोपऱ्यावरच्या दुकानात ती खर्चली, फोटो काढला. गोष्ट तिथेच संपवतात. मला विचाराल तर ती तिथे सुरू होते. नोट गल्ल्यात पडली, आता पुढे कुठे जाणार?

तुमच्यापुढे चारच वाटा. एक, ठोक व्यापाऱ्याला द्यायची, पण तो घेत नाही. दोन, नोकराला पगारात द्यायची, आणि तो घरभाडं कशाने भरू म्हणून विचारणार. तीन, स्वतःच्या घरखर्चाला वापरायची. हे थोडंफार जमतं. चार, योजनेच्या कार्यालयात जाऊन साध्या पैशात बदलून आणायची. पहिल्या तीन वाटा बंद असल्या की सगळ्या नोटा चौथीकडे धावतात. मग ते चलन एका उडीत संपतं. गिऱ्हाइकाने बदलून घेतलं, दुकानदाराने परत बदललं, आणि मधल्या मध्ये दोन जणांची उसाभर.

चौथी वाट थोडी महाग करणं हा यावरचा एक इलाज. जर्मनीच्या बव्हेरियात, प्रीन गावी, २००३मध्ये ख्रिस्टियान गेलेरी या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन ‘कीमगाउअर’ काढला. त्यात दुकानदार कीमगाउअर देऊन युरो घ्यायला गेला की ५ टक्के कापले जात. त्यातले ३ टक्के गिऱ्हाइकाने निवडलेल्या संस्थेला, शाळेला किंवा क्रीडामंडळाला, आणि २ टक्के व्यवस्थेच्या खर्चाला. म्हणजे गिऱ्हाईक देणगी देतं, पण त्याच्या खिशातून काही जात नाही. जातं ते तुमच्या. बदल्यात तुम्हाला बांधलेलं गिऱ्हाईक मिळतं. ज्याच्या धंद्यात नफ्याचा पदर रुंद आहे त्याला ५ टक्के ही जाहिरातीची किंमत वाटते. ज्याचा पदर मुळातच अरुंद, त्याचा अर्धा नफा त्यात जातो. तुमचा धंदा कुठल्या बाजूचा, ते तुम्हालाच माहीत.

दुसरा इलाज मला जास्त पटतो: नोट खपवणारा एक मोठा गिऱ्हाईक शोधणं. शहरात असा गिऱ्हाईक एकच, तो म्हणजे नगरपालिका, कारण तिला सगळेच देणेकरी. ब्रिस्टलच्या महापालिकेने स्थानिक कर ब्रिस्टल पौंडांत घेतले. तिथले महापौर जॉर्ज फर्ग्युसन आपला पूर्ण पगार त्याच नोटांत घेत. पगाराची बातमी गाजली, कराची तेवढी नाही. दुकानदाराच्या दृष्टीने करच महत्त्वाचा. ज्या नोटेने कर भरता येतो ती कुणी नाकारत नाही.

तेव्हा तुमच्या शहरात उद्या कुणी अशी योजना घेऊन आलं, तर नोटेवर कुणाचं चित्र आहे ते पाहू नका. माझे पुरवठादार यात आहेत का, कर घेणार का, आणि परत बदलायला किती कापणार, एवढं विचारा. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘पुढे बघू’ असेल, तर तुम्हीही पुढे बघा.

ऑस्ट्रियातल्या एका गावाने म्हणे झिजणाऱ्या नोटा काढून बेकारी घालवली. हे खरं की ऐकीव? आणि पैसा झिजवायचा म्हणजे बचत करणाऱ्याला शिक्षाच नाही का?
— निवृत्त शिक्षक

गाव खरं, नोटाही खऱ्या. ‘बेकारी घालवली’ या शब्दांपाशी मात्र मी थोडी थबकते, सर.

गावाचं नाव व्योर्गल, टिरोल प्रांतातलं, तेव्हा चार हजारांवर वस्तीचं रेल्वे जंक्शन. साल १९३२, महामंदीचं. कारखाने बंद, कर थकलेले, पालिकेच्या तिजोरीत खडखडाट. महापौर मिखाएल उंटरगुगेनबर्गर हे मूळचे रेल्वे कामगार, आणि त्यांनी सिल्व्हिओ गेझेल वाचलेला. गेझेल हा अर्जेंटिनात व्यापार केलेला जर्मन माणूस. त्याचं म्हणणं असं: धान्य सडतं, लोखंड गंजतं, पैसा तेवढा तसाच राहतो. म्हणून पैसेवाला थांबू शकतो आणि माल घेऊन बसलेल्याला थांबता येत नाही. तेव्हा पैशालाही गंज चढायला हवा.

व्योर्गलने १, ५ आणि १० शिलिंगच्या कामाच्या पावत्या छापल्या. दर महिन्याला त्यावर किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट विकत घेऊन चिकटवायचं, नाहीतर नोट पूर्ण किमतीला चालणार नाही. वर्षाला १२ टक्के. साहजिकच महिनाअखेरीच्या आत नोट दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची प्रत्येकाला घाई. पावत्यांच्या मागे तेवढेच साधे शिलिंग गावच्या बँकेत ठेवलेले होते. छापल्या ३२,००० शिलिंगच्या, पण एका वेळी प्रत्यक्ष फिरत होत्या सरासरी साडेपाच हजारांच्या आसपास. तेवढ्यावर रस्ते झाले, पूल झाला, बर्फावरून उडी मारायचा उतारसुद्धा झाला.

सांगणारे सगळं श्रेय तिकिटांना देतात. माझी रोखपालाची नजर दुसरीकडे जाते. नोटा पहिल्यांदा बाहेर कशा आल्या? पालिकेने मजुरी म्हणून दिल्या. परत कुठे आल्या? थकलेल्या कराच्या रूपाने त्याच पालिकेच्या खिडकीत. आल्या की लगेच पुढच्या मजुरीत बाहेर. दुकानदाराला ‘ही नोट मी कुठे देऊ’ हा प्रश्न पडायच्या आत पालिकेची खिडकी उघडी होती, आणि करही एवढा थकलेला की खिडकी बराच काळ ओस पडणार नव्हती. तिकीट हा चाबूक होता हे मान्य. पण रस्ता आधी होता. नुसता चाबूक मारून, पुढे रस्ताच नसेल तर बैल जाणार कुठे?

बेकारीबद्दल एवढंच म्हणता येईल की पालिकेने त्या काळात बऱ्याच हातांना काम दिलं. प्रयोग जेमतेम वर्षभर चालला. आजूबाजूच्या गावांनाही तसंच करायचं होतं, पण ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने नोटा काढण्याचा हक्क फक्त आपला असं म्हणून १९३३मध्ये तो बंद पाडला. मंदी संपेपर्यंत चालला असता तर काय झालं असतं, यावर पैजा लावणारे आजही भेटतात. येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांना मात्र तो इतका भावला की अमेरिकेतल्या गावांसाठी त्यांनी १९३३मध्ये तिकीटवाल्या नोटांवर अख्खी पुस्तिका लिहिली.

शिक्षेचं म्हणाल, तर हो, आहेच. पण सगळी बचत कुणी झिजत्या नोटेत ठेवत नव्हतं. बचत साध्या शिलिंगात, रोजचा खर्च पावत्यांत. दोन प्रकारचा पैसा हाताशी असला की माणूस वाईट पैसा आधी खर्चतो आणि चांगला दाबून ठेवतो, हे जुनं निरीक्षण इथे उलट उपयोगी पडलं. कीमगाउअरनेही झीज ठेवली, सुरुवातीला दर तिमाहीला २ टक्के. स्वित्झर्लंडमध्ये १९३४मध्ये व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी ‘वीर’ हे चलन काढलं तेही गेझेलच्याच प्रभावाखाली. पुढे त्यांनी झीज सोडून दिली आणि तरी वीर टिकलं, कारण तिथे पुरवठादार आणि ग्राहक दोघेही धंदेवाले, एकाच वहीतले.

अशा नोटा छापल्या तर पोलीस धरणार नाहीत का?
— काळजीवाहू वाचक

धरू शकतात. केनियात मोंबासाजवळच्या एका गरीब वस्तीत २०१३मध्ये ‘बांगला-पेसा’ नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या. काढणाऱ्यांना अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले आणि चळवळ वाढतच गेली. फ्रान्सने २०१४च्या कायद्यात स्थानिक पूरक चलनांना सरळ जागा दिली. तिथल्या बास्क प्रदेशात २०१३पासून चालणारं ‘एउस्को’ हे युरोपातलं मोठं उदाहरण, तरीही बायोन शहराच्या पालिकेला एउस्कोत देणी द्यायची म्हटल्यावर प्रशासनाशी वाद घालावा लागलाच. देशोदेशी नियम वेगळे. वकिलाला आधी विचारा, छापखान्याला नंतर.

मोबाइलवर क्षणात पैसे जातात. आता या कागदी खेळाला काय अर्थ?
— एक संगणक अभियंता

कागदाला फारसा नाही, हे खरं. इंग्लंडमधल्या टॉटनेस गावाचा पौंड २००७मध्ये निघाला आणि २०१९मध्ये बंद झाला. लोकांच्या खिशात रोकडच उरली नाही, हे एक मोठं कारण. अमेरिकेतल्या इथाकामध्ये १९९१पासून ‘अवर’ नावाच्या नोटा चालल्या. एक अवर म्हणजे दहा डॉलर, साधारण एका तासाची मजुरी. संस्थापक पॉल ग्लोव्हर घरोघरी, दुकानोदुकानी जाऊन कुणाकडे नोटा साचल्या आहेत ते बघत आणि त्या कुठे खर्चता येतील ते सुचवत. ते शहर सोडून गेले, कार्डं आली, आणि नोटा ओसरल्या.

पण ग्लोव्हर जे पायी फिरून करत होते ते यंत्राने आपोआप होत नाही. ब्रिस्टलकडे मोबाइलची सोय पहिल्या दिवसापासून होती, तरी २०२०च्या सुमारास ते चलन गुंडाळावं लागलं. पैसा वेगाने पाठवता येणं वेगळं आणि मिळालेला पैसा घ्यायला कुणी तयार असणं वेगळं. तुमचं यंत्र पहिलं काम करतं. दुसऱ्या कामाला माणूस लागतो, आणि त्याचा पगार कुणीतरी द्यावा लागतो. बहुतेक योजना पगाराच्या या ओळीपाशीच मोडतात. उत्साही मंडळी सुरुवातीला फुकट राबतात, मग थकतात.

हा सगळा सुखवस्तू लोकांचा छंद वाटतो. ज्याच्या हातात मुळात पैसाच नाही त्याला काय?
— वस्तीत काम करणारी कार्यकर्ती

सुखवस्तू शहरांतल्या योजनांवर तुमचा आरोप बराचसा लागू पडतो. जे आधीच कोपऱ्यावरच्या दुकानात जात होते तेच लोक रंगीत नोट घेऊन त्याच दुकानात जातात. नवीन काही घडत नाही.

ब्राझीलची गोष्ट निराळी आहे. फोर्तालेझा शहराच्या कडेला पाल्मेइरास नावाची वस्ती. समुद्रकाठच्या जागेवरून उठवलेल्या लोकांना तिथे नेऊन टाकलं होतं. गटारं, रस्ते त्यांनी झगडून आणि स्वतः खपून करून घेतले. मग वस्तीतल्या लोकांनी बसून हिशेब मांडला की आपण काय विकत घेतो आणि कुठून. दिसलं असं की बहुतेक खरेदी वस्तीबाहेर होते. १९९८मध्ये जोआकिम दे मेलो आणि सोबत्यांनी बांको पाल्मास ही वस्तीची बँक काढली आणि पुढे पाल्मा हे चलन आलं. खर्चासाठी पाल्मात बिनव्याजी उसने, आणि धंदा उभा करायला साध्या पैशात कर्ज. ही दुसरी बाजू विसरू नका. वस्तीत विकत घ्यायला वस्तूच बनत नसतील तर पाल्मा घेऊन करायचं काय? आधी खरेदीचा नकाशा, मग शिवणयंत्र, मग नोट, असा तो क्रम आहे.

यामागचं गणित साधं आहे. शंभराची खरेदी झाली आणि प्रत्येक वेळी मिळालेल्यातले ८० वस्तीतच खर्च झाले, तर १०० अधिक ८० अधिक ६४ असं करत एकूण उलाढाल ५००पर्यंत जाते. प्रत्येक वेळी २०च आत राहिले तर १२५वर थांबते. नोट तीच, फरक फक्त गळतीचा. चलन गळती दाखवून देतं. बुजवायचं काम मात्र शिवणयंत्राचं.

त्याच देशात रिओ दि जानेरो राज्यातल्या मारिका शहराने २०१३मध्ये ‘मुंबुका’ सुरू केलं. एक मुंबुका म्हणजे एक रेआल, आणि चालतं फक्त शहरात. शहराला समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी मिळते. त्या पैशातून रहिवाशांना मदत द्यायची, पण मुंबुकात. २०१९मध्ये ही मदत सुमारे ४२,००० लोकांपर्यंत नेली, माणशी महिन्याला १३० मुंबुका. साथीच्या वर्षी, २०२०मध्ये, ती ३००वर नेली. हजारो लोकांच्या हाती दर महिन्याला हाच पैसा येतो म्हटल्यावर दुकानदाराची परवानगी मागावी लागत नाही. तो आपणहून पाटी लावतो. अर्थात प्रत्येक शहराखाली तेल नसतं, त्यामुळे मारिकाचं उदाहरण देऊन कुणी तुमच्या पालिकेला नावं ठेवू लागला तर त्याला ही रॉयल्टी आठवून द्या.

आम्ही काही मित्र आमच्या शहरासाठी चलन काढायच्या विचारात आहोत. नोटेचं चित्र, नाव, घोषवाक्य तयार आहे. पुढे काय करावं?
— उत्साही मंडळी

चित्र बाजूला ठेवा. शहरातल्या दुकानदारांकडे जा आणि प्रत्येकाला एकच विचारा: तुम्ही माल कुणाकडून घेता? कागदावर बाण काढा. बाण फिरून पुन्हा त्याच दुकानांपाशी येत असतील, म्हणजे शिंपी सुताराकडे, सुतार छापखान्याकडे आणि छापखाना पुन्हा शिंप्याकडे, तर तुमच्याकडे चलनाला जागा आहे. सगळे बाण शहराबाहेर जात असतील तर नोट काढू नका, आधी आत माल बनवणारे शोधा. बाण फिरतात पण धंदे थोडे आहेत, असं असेल तर नोटेऐवजी खातेवही पुरते. सार्डिनिया बेटावर काही मित्रांनी २०१०मध्ये ‘सार्डेक्स’ तसंच सुरू केलं: धंदेवाल्यांची सामाईक वही, एक सार्डेक्स एका युरोबरोबरचा, पण युरोत बदलून मिळत नाही. त्यामुळे ‘परत बदलून द्या’ म्हणणाऱ्यांची रांगच लागत नाही.

ठेव घेणार असाल तर ती तुमच्या खात्यात ठेवू नका, तिसऱ्याकडे ठेवा आणि शिल्लक दर महिन्याला जाहीर करा. आणि एक माणूस पगारी नेमा. त्याचा पगार कुठून येणार हे ठरल्याशिवाय घोषवाक्य सुद्धा छापू नका.

मला नोटा जमवायचा नाद आहे. लंडनच्या ब्रिक्स्टन भागाच्या दहाच्या नोटेवर गायक डेव्हिड बोवी आहे असं वाचलं. अशी नोट घेऊन ठेवली तर योजनेचं नुकसान होतं का?
— एक संग्राहक

उलट फायदा. बोवीचा जन्म त्याच भागातला, म्हणून तो नोटेवर. तुम्ही दहा पौंड देऊन ती घेतलीत आणि वहीत चिकटवलीत, तर ते दहा पौंड परत मागायला कुणी येणार नाही. योजनेला बिनव्याजी, बिनमुदत पैसा मिळाला. तुमच्यासारखे चार संग्राहक असले तर व्यवस्थापकाचा जीव भांड्यात पडतो. फक्त नोट फिरली नाही, एवढंच. व्योर्गलची एखादी पावती मिळाली तर चिकटवलेली तिकिटं शाबूत आहेत ना, ते पाहून घ्या आणि जपण्याच्या नादात ती सोलून काढू नका. किमतीचं मला विचारू नका. मी नोटा मोजणारी, जमवणारी नव्हे.